मस्कतमध्ये छायाचित्रण आणि चित्रकलेचा छंद: सुरुवात मत्रहपासून का करावी?

निळाई

मस्कतमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांचा आठवडा चाकोरीतला असतो. रविवार ते गुरुवार कार्यालय, शुक्रवारी उशिरा उठणे, संध्याकाळी मॉल किंवा कुरुमचा किनारा, आणि शनिवारी बाजारहाट. एका वातानुकूलित खोलीतून गाडीत आणि गाडीतून दुसऱ्या वातानुकूलित खोलीत असे आपले फिरणे असल्यामुळे, ज्या शहरात आपण दहा-दहा वर्षे काढतो त्या शहराशी धड ओळखसुद्धा होत नाही. गेल्या काही हिवाळ्यांत मी कॅमेरा घेऊन मत्रहमध्ये, म्हणजे मस्कतच्या जुन्या बंदराच्या भागात, नेमाने फिरत आहे. त्या अनुभवावरून काही गोष्टी येथे मांडते. नव्याने आलेल्यांना त्यांचा उपयोग व्हावा आणि जाणकारांनी त्यांत भर घालावी, एवढीच अपेक्षा आहे.

सुलतान काबूस मोठी मशीद आणि ऑपेरा हाऊस ही स्थळे देखणी आहेतच, परंतु तेथून प्रत्येक जण जवळजवळ एकसारखीच प्रचि (प्रकाशचित्रे) घेऊन परततो, कारण तेथे वास्तू आपल्याला जागा नेमून देते. मत्रहचे तसे नाही. तेथे माणसे आपापल्या कामात असतात, आणि काम करणारा माणूस हा माझ्या मते कॅमेऱ्यासाठी सूर्यास्तापेक्षा कितीतरी चांगला विषय आहे.

सकाळी लवकर मासळी बाजारात जावे. २०१७ मध्ये सुरू झालेली त्याची नवी इमारत स्नोहेट्टा या नॉर्वेच्या वास्तुरचनाकार संस्थेने आखली असून, वळत जाणाऱ्या भिंतीवर पट्ट्यापट्ट्यांचे छत आहे. त्यामुळे वारा खेळता राहतो आणि ऊन गाळून आत येते. विकत घेतलेली मासळी कापून देण्याची सोय वेगळ्या कक्षात केलेली आहे, आणि खरे पाहण्यासारखे काम तेथेच चालते. मोठा कुपा ओट्यावर आडवा टाकला जातो, सुरी कल्ल्यामागून आत शिरते आणि पाठीच्या काट्याला धरून एका दमात शेपटीपर्यंत जाते. वरचा अर्धा भाग पुस्तकाच्या पानासारखा उलटला की आतले मांस इतके गडद लाल दिसते की कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते काळेच वाटते, म्हणून प्रकाशमापन (कॅमेऱ्याने उजेड मोजणे) त्या मांसावर न करता कापणाऱ्याच्या हातावर करावे. तोच हात पुढच्या क्षणी पाण्याची नळी उचलून ओटा धुतो, गिऱ्हाइकाला पिशवी देतो आणि पुढचा मासा ओढतो. या सगळ्याला दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत. एकाच जागी अर्धा तास उभे राहिले की या हालचालीची लय कळू लागते आणि बटण नेमके केव्हा दाबायचे ते समजते.

मत्रहचा सूक, म्हणजे पारंपरिक बाजार, सकाळी नऊच्या सुमारास उघडतो, दुपारी एकला बंद होतो आणि चार-पाचनंतर पुन्हा सुरू होतो. शुक्रवारी सकाळी तो बंदच असतो, त्यामुळे सुटीच्या दिवशी उत्साहाने गेलेल्यांना बंद फळ्या पाहून परत यावे लागते. गल्ल्यांवर छप्पर असल्यामुळे आत अंधार असतो, परंतु सकाळी दहाच्या आसपास फटींतून उन्हाचे कवडसे उतरतात आणि दुकानदाराने लोबानाची धुपाटणी पेटवली असेल तर तो कवडसा धुरात स्पष्ट आकार घेतो. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात पर्यटकांची मोठी जहाजे सुलतान काबूस बंदराला लागतात. त्या दिवशी सूकमध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि दुकानदारांनाही बोलायला उसंत नसते. जहाज नसलेला दिवस निवडावा.

कुम्मा म्हणजे ओमानी पुरुषांची भरतकाम केलेली गोल टोपी. ती मुद्दाम हातात घेऊन पाहावी. यंत्रावर भरलेली टोपी किरकोळ किमतीला मिळते, आणि हाताने भरलेल्या टोपीची किंमत तिच्या कित्येक पट असते. फरक उजेडासमोर धरल्यावर कळतो. हाताच्या टोपीत नक्षीच्या अधल्यामधल्या जागेत टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे असतात, आणि प्रत्येक छिद्राची कड दोऱ्याने स्वतंत्रपणे बांधलेली असते. ही छिद्रे शोभेसाठी आहेतच, पण त्यांतून डोक्याला वाराही लागतो. हे भरतकाम मुख्यतः स्त्रिया घरी करतात आणि एका टोपीला महिनोन्महिने लागू शकतात. जवळच्या अंतराच्या लेन्सने मागून उजेड घेऊन काढलेले कुम्म्याचे प्रचि हा माझा सर्वांत आवडता विषय आहे.

शेवटचा मुद्दा असा, की माणसाचे प्रचि काढण्यापूर्वी त्याला विचारावे. मत्रहमधल्या वयस्कर ओमानी दुकानदारांपैकी अनेकांना हिंदी उत्तम येते, त्यामुळे आपल्याला अरबी येत नाही ही सबब तेथे चालत नाही.

रुवीकर

लेख उपयुक्त आहे. थोडी व्यावहारिक भर घालतो. मत्रहच्या कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, हिवाळ्यातल्या संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून रुवीहून मवासलातच्या बसने जाणे सोयीचे पडते. मे ते सप्टेंबर या महिन्यांत सकाळी आठनंतर बाहेर चालणे हा छंद राहत नाही, शिक्षा होते. त्या काळात पहाटेचे दोन तास किंवा रात्रीचा सूक एवढाच पर्याय उरतो.

कायद्याविषयीही सांगितले पाहिजे, कारण अनेकांना त्याची कल्पना नसते. ओमानच्या १२/२०११ या राजादेशाने आलेल्या सायबर गुन्ह्यांच्या कायद्यातील सोळाव्या कलमानुसार, कॅमेरा असलेला फोन किंवा तत्सम साधन वापरून एखाद्याच्या खासगी आयुष्यात डोकावणे हा गुन्हा असून त्यासाठी एक ते तीन वर्षे कैद आणि १,००० ते ५,००० रियाल दंड अशी तरतूद आहे. स्त्रिया आणि कुटुंबे यांच्या बाबतीत तर परवानगीशिवाय कॅमेरा वरसुद्धा करू नये. सैन्य, पोलीस आणि विमानतळ यांच्याशी संबंधित जागांची प्रचि काढू नयेत, आणि नागरी विमान प्राधिकरणाच्या परवान्याशिवाय ड्रोन उडवू नये.

आता मतभेद. विचारून काढलेल्या प्रचिमध्ये जिवंतपणा राहत नाही असा माझा अनुभव आहे. चांदीच्या दुकानातल्या आजोबांना विचारले की ते ताबडतोब मुसर (डोक्याला बांधलेले वस्त्र) नीट करतात, दिशदाशाची (पायघोळ झग्याची) सुरकुती झटकतात, छाती पुढे काढून उभे राहतात, आणि आपल्याला पारपत्रावर लावण्याजोगे छायाचित्र मिळते. त्याच्या क्षणभर आधी ते भिंगातून एक नाणे न्याहाळत होते, आणि मला हवे होते ते नेमके तेच. कायदा पाळूनही, गर्दीच्या सार्वजनिक जागी, चेहऱ्याऐवजी हात किंवा पाठमोरी आकृती घेऊन अवचित प्रचि काढता येते, आणि तिला अप्रामाणिक म्हणणे मला पटत नाही.

कुंचला

मी कॅमेरा वापरत नाही, रेखाटनवही घेऊन बसते. त्यामुळे रुवीकर आणि निळाई यांच्या वादात मला तिसऱ्याच बाजूने बोलायचे आहे. चित्र काढणाऱ्याला कोणी हटकत नाही. कॉर्निशच्या कठड्यापाशी घडीची खुर्ची टाकून बसले की दहा मिनिटांत कोणीतरी मागे येऊन उभे राहते, थोड्या वेळाने ‘ती खिडकी राहिली’ असे सांगते, आणि मग गप्पा सुरू होतात. ओमानी मुलांना तर रंगांच्या डबीचे फार आकर्षण आहे. तरीही माणसांचे, विशेषतः स्त्रियांचे, ओळखू येईल असे चित्र मी काढत नाही. चित्र म्हणजे छायाचित्र नव्हे, ही पळवाट मला नको वाटते.

रंगांच्या दृष्टीने मस्कत हे विलक्षण शहर आहे. येथे इमारतींच्या उंचीवर आणि रंगावर निर्बंध असल्यामुळे घरे पांढरी किंवा फिकट वाळूच्या रंगाची असतात, आणि त्यांच्या थेट मागे गडद तपकिरी, ओके-बोके डोंगर उभे राहतात. हा खडक म्हणजे एके काळचा समुद्राचा तळ आहे. भूगर्भशास्त्रज्ञ ज्याला ओफिओलाइट म्हणतात त्या प्रकारच्या खडकाचा हा जगातला सर्वांत मोठा आणि उत्तम दिसणारा पट्टा मानला जातो. हिरवळ नावालाही नसल्याने पहिली काही चित्रे मला रुक्ष वाटली, आणि कोकणातून आलेल्या माणसाला तसे वाटणारच. पुढे लक्षात आले की जलरंगासाठी हीच सोय आहे. घरांसाठी कागद कोरा सोडायचा, डोंगराला बर्न्ट अंबर (तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा) यांचे ओले मिश्रण एका हाताने उतरवायचे, आणि दोहोंच्या मधली कड जितकी धारदार ठेवता येईल तितकी ठेवायची. चित्राचा जीव त्या कडेत असतो. कोरड्या दिवसांत रंग डोळ्यांदेखत वाळतो, म्हणून डोंगराचा पट्टा एकाच बैठकीत आणि एकाच मोठ्या कुंचल्याने ओढावा. जुलैच्या दमट हवेत मात्र कागद तासभर ओला राहतो आणि सगळे गणित उलटे होते.

जुन्या मस्कतमधील बैत अल झुबैर हे संग्रहालय १९९८ पासून आहे. पोशाख, खंजीर, दागिने, घरगुती वस्तू हे सर्व तेथे निवांत बसून रेखाटता येते. समोरच बैत मुझ्ना हे कलादालन आहे. सध्याचे ओमानी चित्रकार काय करत आहेत हे पाहायचे असेल तर तेथे जावे. राजवाड्यासमोरचे राष्ट्रीय संग्रहालय २०१६ मध्ये खुले झाले. ते भव्य आहे, पण रेखाटनासाठी मला बैत अल झुबैरच अधिक मानवते.

पणजीकर

मी गोव्याचा असल्यामुळे मस्कतमध्ये पहिल्यांदा जलाली आणि मिरानी हे किल्ले पाहिले तेव्हा अनोळखी वाटले नाही. १५०७ मध्ये पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द आल्बुकर्कने मस्कत जिंकले, आणि १५८० च्या दशकात हे दोन्ही किल्ले सध्याच्या रूपात बांधले गेले. त्या काळातली बहुतेक वर्षे येथील पोर्तुगीज अंमलदारांच्या वरचे सत्ताकेंद्र गोवा हेच होते. १६५० मध्ये इमाम सुलतान बिन सैफ याने पोर्तुगिजांना मस्कतमधून हुसकावून लावले, आणि पुढे ओमानी आरमार इतके बळावले की १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी थेट वसईवर धाड घातली. वसईच्या किल्ल्यात भटकणाऱ्या आपल्याकडच्या हौशी छायाचित्रकारांना मस्कतशी असलेले हे नाते सहसा ठाऊक नसते.

छायाचित्रणासाठी सूचना अशी की, या दोन्ही किल्ल्यांत सहज प्रवेश मिळत नाही, पण राजवाड्याच्या मागच्या बाजूने बंदराकडे गेले की दुपारनंतरच्या उन्हात मिरानीचा बुरूज फार सुंदर दिसतो. वर चढून पाहायचे असेल तर मत्रहचा किल्ला आहेच.

आणखी एक विषय सुचवतो. हिवाळ्यात बर्का आणि सीब येथे शुक्रवारी दुपारनंतर बैलांच्या झुंजी होतात. माणूस आणि बैल असा तो खेळ नसतो. दोन बैल शिंगे भिडवतात, एक मागे हटला की संपले, आणि पायाला बांधलेल्या दोरांनी माणसे त्यांना लगेच ओढून वेगळे करतात. आमच्याकडच्या धीरयोसारखाच हा प्रकार आहे. गोव्यात न्यायालयाने त्यावर बंदी घातलेली आहे आणि त्यावरून गावागावांत अजूनही वाद होतात, तेव्हा बर्क्याच्या मैदानात कुटुंबे, मुले, आजोबा मांडी घालून हे पाहताना दिसले की गोव्याच्या माणसाच्या मनात बरेच काही येते. मला स्वतःला बंदी योग्य वाटते, पण बैलांपेक्षा प्रेक्षकांचे चेहरे टिपण्यासाठी मी तेथे जातो हेही खरे. गाड्यांच्या टपांवर बसलेल्या लोकांना कोणी प्रचि काढत आहे याची फिकीर नसते.

नवी पालवी

आम्ही अल खुवैरला नुकतेच राहायला आलो आहोत. माझ्याकडे फक्त फोन आहे. एवढ्यावर सुरुवात होईल का, की आधी कॅमेरा घ्यावा? शिवाय एकट्या स्त्रीने सकाळी मत्रहमध्ये फिरणे ठीक आहे का? आणि मशिदीत कॅमेरा नेता येतो का, हेही कृपया कोणी सांगावे.

निळाई

नवी पालवी, फोन पुरेसा आहे. सूकच्या अंधारात फोनची छायाचित्रे थोडी खरबरीत येतात, पण पहिले वर्ष डोळा तयार होण्यासाठी असते, आणि त्याला फोन चालतो. पुढे कॅमेरा घ्यावासा वाटला तर ३५ मिलिमीटरची एकच लहान लेन्स घ्यावी, कारण अरुंद गल्ल्यांत लांब लेन्स वापरताच येत नाही आणि लहान कॅमेरा पाहून समोरचा माणूस बिचकत नाही. एकटीने फिरण्यात मला आजवर अडचण आलेली नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, इतकेच पथ्य आहे. उलट स्त्री असल्याचा एक लाभ आहे. अत्तर आणि कापडाच्या दुकानात येणाऱ्या ओमानी बायका आपल्याशी मोकळेपणाने बोलतात, आणि ते बोलणे पुरुष छायाचित्रकारांच्या वाट्याला येत नाही.

मोठ्या मशिदीत मुस्लिमेतरांना शनिवार ते गुरुवार सकाळी ८ ते ११ प्रवेश असतो. छायाचित्रणाला हरकत नाही, पण स्त्रियांनी केस, मनगटे आणि घोटे झाकलेले असावेत. मुख्य दालनातला गालिचा ७० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद, एकसंध आहे, आणि इराणमधील ६०० स्त्रियांनी तो चार वर्षांत विणला. दर्शकांनी त्यावर पाय ठेवू नये म्हणून वेगळी वाट आखलेली आहे. तेथे गेल्यावर बाहेरच्या दगडाकडेही लक्ष द्यावे. तो वालुकाश्म आपल्या देशातून आलेला आहे, आणि सकाळी नऊच्या उन्हात कमानींच्या सावल्या त्यावर फार स्वच्छ पडतात.

आता रुवीकरांचा आक्षेप. विचारल्यावर माणूस ताठ उभा राहतो हे अगदी खरे आहे. ते प्रचि काढावेच. ते काढून त्यांना दाखवावे, छान आले असे म्हणावे, त्यांनी देऊ केलेला कहवा प्यावा, आणि तेथेच बसून राहावे. नको असेल तेव्हा पेला हलकेच डावी-उजवीकडे हलवायचा, नाहीतर ते ओततच राहतात. पंधरा मिनिटांत आजोबा आपल्याला विसरतात आणि पुन्हा भिंग डोळ्याला लावतात. तुम्हाला हवे असलेले प्रचि तेव्हा मिळते, आणि तेही परवानगीने. ज्याला पंधरा मिनिटे नाहीत त्याला अवचित प्रचि लागते, असे मला वाटते. शिवाय ते ताठ उभे राहिलेले छायाचित्रसुद्धा मी टाकून देत नाही. त्या माणसाला जगासमोर कसे दिसायचे आहे, हे त्यात असते. मुसरची गाठ, कमरेच्या खंजिराचा कोन, दिशदाशाच्या गळ्यापाशी लोंबणारा अत्तरात बुडवलेला गोंडा या प्रत्येक गोष्टीत त्याने विचार केलेला असतो.

रुवीकर

पंधरा मिनिटांचा टोला लागला. तरीही मासळी बाजारात हे तंत्र कसे वापरणार? तेथे कोणाला कहवा पाजायला वेळ नसतो.

निळाई

तेथे मासळी विकत घ्यावी. गिऱ्हाइकाच्या हातात कॅमेरा असला तर कोणी वाईट मानत नाही, आणि आपलीच सुरमई कापली जात असताना कितीही वेळ उभे राहता येते.

माळढोक

पक्षीनिरीक्षकांच्या वतीने थोडे लिहितो, कारण मस्कत हे त्यांच्यासाठी नंदनवन आहे आणि आपल्या मंडळींत याची चर्चा फारशी होत नाही. शहराच्या मध्यभागी कुरुमचे कांदळवन आहे. ओहोटीच्या वेळी तेथे बगळे आणि चिखलपक्षी चरताना दिसतात. अल अन्सबच्या पाणथळीत हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. मात्र खरा खजिना अल अमरातच्या बाजूच्या कचरा डेपोच्या परिसरात आहे. जगभरात धोक्यात आलेली पांढरी गिधाडे तेथे मोठ्या संख्येने दिसतात, आणि थंडीत त्यांच्या जोडीला स्थलांतरित गरुडही असतात. कचऱ्याच्या ढिगाशेजारी उभे राहून दुर्बीण लावणे ही काही रमणीय कल्पना नव्हे, परंतु आपल्याकडे गिधाडे जवळजवळ नाहीशी झाल्यानंतर डोक्यावर घिरट्या घालणारी एवढी गिधाडे पाहणे हा वेगळाच अनुभव आहे.

आपल्याकडचा कावळा आणि साळुंकी हेही येथे मुबलक आहेत, पण स्थानिक पक्ष्यांना त्यांचा उपद्रव होत असल्यामुळे पर्यावरण खात्याने त्यांच्या नियंत्रणाची मोहीम हाती घेतली आहे. आपल्या खिडकीत ओळखीचा आवाज आला म्हणून आनंद होतो खरा, परंतु स्थानिक पक्षीमित्रांसमोर तो व्यक्त न केलेला बरा.

कॅमेऱ्याच्या निगेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो. उन्हाळ्यात वातानुकूलित गाडीतून बाहेर पडताच थंड लेन्सवर दव धरते. ते फडक्याने पुसले तर पुन्हा धरते आणि धूळ असेल तर काचेवर ओरखडे उठतात. त्यासाठी घरातून निघतानाच कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा, गाडीत मागे डिकीत टाकावा, जेणेकरून थंड हवा त्याला लागणार नाही, आणि पोहोचल्यावर वीसेक मिनिटांनी पिशवी उघडावी. वाळूचा वारा असेल त्या दिवशी लेन्स बदलूच नये.

जुना मस्कतकर

धागा वाचून बरे वाटले. मी १९८० च्या दशकात येथे आलो. तेव्हा मत्रह हेच शहर होते, आणि आज जेथे मॉल आहेत तेथे मोकळी जमीन होती. त्याहून जुनी पिढी सांगत असे की १९७० पर्यंत येथे भारतीय रिझर्व्ह बँकेने आखातासाठी १९५९ पासून वेगळ्या छापलेल्या रुपयाच्या नोटा चालत. सूकमधल्या नाण्यांच्या दुकानांत त्या नोटा आजही विकायला असतात. त्यांच्या शेजारीच १७८० साल कोरलेली, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिची चांदीची नाणी दिसतील. ही नाणी वितळवून येथील दागिने घडवले जात, म्हणून जुन्या ओमानी दागिन्यांत कधीकधी अख्खे नाणेच लटकवलेले आढळते. निळाई यांना जवळच्या अंतराची लेन्स प्रिय आहे, तर त्यांनी त्या नाण्यांच्या कडेवरची अक्षरे जरूर टिपावीत.

एका गोष्टीबद्दल मात्र सर्वांना विनंती आहे. कॉर्निशवर निळ्या मनोऱ्याची मशीद आहे, तिच्या मागच्या तटबंदीच्या आत लवातिया समाजाची जुनी वस्ती आहे. सिंधशी पूर्वापार संबंध असलेला हा व्यापारी समाज आहे, आणि त्यांच्या समुद्राकडे तोंड केलेल्या घरांचे लाकडी सज्जे पाहून कच्छ-मांडवीची आठवण येते. हे सज्जे रस्त्यावरून खुशाल टिपावेत. दरवाजातून आत मात्र जाऊ नये, आणि लांब लेन्स लावून गल्लीच्या आतले टिपू नये. ती राहती घरे आहेत. अलीकडे समाजमाध्यमांवर निषिद्ध वस्तीतील दुर्मीळ दृश्ये अशा थाटात जे काही टाकले जाते, त्यामुळे उद्या प्रामाणिक छंदिष्टांनाही त्रास होईल.

रमजानच्या मध्याच्या रात्री करनकशो असते. नटलेली लहान मुले पिशव्या घेऊन दारोदार गाणी म्हणत फिरतात आणि त्यांना खाऊ मिळतो. शेजारी ओमानी कुटुंब असेल तर आधी आईवडिलांना विचारून ती प्रचि काढावीत आणि नंतर त्यांनाच पाठवावीत. आमच्या शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात माझ्या कॅमेऱ्यातली त्यांच्या मुलांची छायाचित्रे अजून लावलेली आहेत. ती मुले आता नोकरीला लागली.

पणजीकर

जुना मस्कतकर, ईदच्या आधी भरणाऱ्या हब्ता बाजारांबद्दलही तुम्ही लिहावे. गुरे, मिठाई, कपडे, खंजीर सगळे एकाच मैदानात मांडलेले असते, आणि मी ते फक्त एकदाच घाईत पाहिले आहे.

जुना मस्कतकर

हब्ता ईदच्या आधीचे थोडेच दिवस भरतो आणि गावागणिक दिवस वेगळा असतो, त्यामुळे कार्यालयातल्या ओमानी सहकाऱ्याला विचारणे हाच मार्ग आहे. ज्यांना तोवर थांबायचे नाही त्यांनी शुक्रवारी निझव्याचा बकरी बाजार पाहावा. मस्कतपासून दीड तासाचा रस्ता आहे. गोलाकार ओट्याभोवती गिऱ्हाईक बसते आणि विक्रेते बकऱ्यांना दोरीने धरून त्यांच्यासमोरून फेऱ्या मारत बोली पुकारतात. सात वाजता तेथे असावे. नऊनंतर फक्त पर्यटक उरतात. जागा घ्यायची ती आतल्या ओट्यावर, खाली बसून, म्हणजे बकऱ्या आणि माणसांचे चेहरे एका पातळीवर येतात. फेरी चालू असताना वाटेत उभे राहू नये, बोकड वाट देत नाही. बाजार संपल्यावर बाजूच्या सूकमध्ये गरम हलवा मिळतो. तांब्याच्या मोठ्या भांड्यात तो दोन तासांहून अधिक घोटला जातो, आणि विनंती केली तर भट्टीजवळ उभे राहू देतात. लेन्सवर तुपाची वाफ बसते, फडके सोबत ठेवावे.

कुंचला

बकऱ्या फिरत असताना रेखाटणे अशक्य वाटते, पण प्रयत्न करून पाहीन. एक सुचवू का? रुवीकर, निळाई आणि नवी पालवी यांना चालत असेल तर नोव्हेंबरमध्ये एकत्र जाऊ. शुक्रवारी निझवा आणि शनिवारी मत्रह, असे दोन वेगवेगळे बेत ठेवता येतील, म्हणजे ज्यांना पहाटे पाचला उठणे जमत नाही त्यांचीही सोय होईल.

रुवीकर

मला दोन्ही चालेल. निझव्यासाठी माझ्या गाडीत तीन जागा आहेत, वाडी कबीरच्या चौकातून सव्वापाचला निघू. शनिवारसाठी जहाजांचे वेळापत्रक आधी पाहून घेतो. जहाज असेल तर पुढच्या शनिवारी. जमायचे मासळी बाजाराच्या दारात, साडेसहाला, आणि ज्यांना सुरमई घ्यायची आहे त्यांनी शीतपेटी आणावी, कारण सूक नऊला उघडेपर्यंत मासळी गाडीत ठेवावी लागेल.

नवी पालवी

मी दोन्हीकडे येते. फोन घेऊन, आणि शीतपेटी घेऊन.